शनिवारी तेल नाही

शनिवारी संध्याकाळी घरातलं तेल संपणं हा केवढा मोठा अपराध आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर प्रयागताईंकडून कळलं.

कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले होते, पाय दुखत होते, भाजी चिरून तयार होती आणि तेलाच्या डब्यात पाहिलं तर नुसता तळ. मी फोन लावला. म्हटलं, "प्रयागताई, तेलाची एक पिशवी पाठवता का लगेच?" त्यांचं दुकान म्हणजे समोरच्या बंगल्याचं गॅरेज. माझ्या ओट्यापाशी उभं राहिलं की खिडकीतून त्या गॅरेजमधली तेलाच्या पिशव्यांची चळत स्वच्छ दिसते.

"उद्या सकाळी देते, ताई."

"उद्या कशाला? मला दिसतायत पिशव्या."

"दिसतेत तर दिसू द्या. आज शनिवार हाय."

मला आधी वाटलं, बाई थट्टा करतायत. मग कळलं की नाही, अगदी मनापासून बोलतायत. मी चिडून विचारलं की तुम्ही किराण्याचा धंदा करता की कीर्तन करता. त्यावर त्या जराही न रागावता म्हणाल्या, "धंदा माझा हाय, पण घर तुमचं हाय. शनिवारी तेल-मीठ घरात येऊ नये. काही इडापिडा आली तर ती माझ्या हातून आली असं होईल. मला नाई जमायचं." आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी भाजी तुपात केली. नवऱ्याने विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, समोर जाऊन विचारा.

आमची निगडी म्हणजे प्राधिकरणाची आखीव गल्ली. दोन्ही बाजूंना बंगले, बंगल्यांत म्हातारी जोडपी, मुलं परदेशात नाहीतर हिंजवडीच्या बाजूला फ्लॅट घेऊन. समोरच्या बंगल्यातल्या काकांनी गाडी विकली आणि गॅरेज भाड्याने दिलं, तेव्हा तिथे प्रयागताई आणि ज्ञानोबा आले. अंबाजोगाईकडचं जोडपं. ज्ञानोबा भोसरीच्या एका फाउंड्रीत वर्षानुवर्षं राबलेले. वाळू, धूळ, भट्टीची धग. शेवटी छाती भरली. डॉक्टरने सांगितलं, पुन्हा त्या धुळीत गेलात तर माझ्याकडे येऊ नका, मला काही करता येणार नाही. मग ज्ञानोबांनी फाउंड्री सोडताना हिशेबाचे जे पैसे मिळाले त्यात एक जुना तीनचाकी टेम्पो घेतला, गॅरेजमध्ये पुढे फळ्या ठोकल्या, मागे संसार मांडला आणि बाहेर पाटी लावली: वेळेवर किराणा, घरपोच.

पाटी ज्ञानोबांची, डोकं प्रयागताईंचं. गावाकडे सासूबरोबर दुकान चालवलेल्या होत्या. त्यांचं गणित साधं होतं आणि ते त्या सगळ्यांना सांगायच्या, लपवाछपवी नाही. दुधाचा रतीब असतो तसा किराण्याचा रतीब लागला पाहिजे. एकदा घेऊन जाणारं गिऱ्हाईक नको. दर महिन्याला न विचारता यादी पाठवणारं घर पाहिजे. "अशी पंचवीस-तीस घरं लागली ना ताई, की आमच्या मालकाला भट्टीकडं परत बघायची पाळी येणार नाई. मला बाकी काही नगं." हे त्या तांदूळ पाखडता पाखडता म्हणायच्या. आत ज्ञानोबांचा खोकला चालू असायचा. तो खोकला आमच्या गल्लीत सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचा.

दिसायला ठेंगण्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, नऊवारी नाही पण सहावारीचा काष्टा मारल्यासारखा आवळून खोचलेला पदर. पायात ज्ञानोबांच्या मोठ्या स्लिपर. चालताना फटक फटक आवाज. हातात एक जाडसर कापड असायचं, त्याने प्रत्येक पिशवी पुसायच्या. पिशवी प्लास्टिकची, आत माल बंद, ती पुसून काय मिळणार? विचारलं तर म्हणायच्या, "धुळीनं लई नुकसान केलंय आमचं."

धान्य निवडून द्यायच्या. डाळीत खडा, तांदळात किडा सापडला तर नाव बदलीन म्हणायच्या. कुणाची रिकामी पिशवी रिकामी परत करायच्या नाहीत, चिमूटभर साखर किंवा चार दाणे त्यात टाकायच्याच. केरसुणी देताना आडवी धरायच्या नाहीत. दिवेलागण झाली की दही, मीठ, सुई मागू नये. अवसेला नवं गिऱ्हाईक घेऊ नये. आणि "संपलं" हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पोहे संपले असतील तर "पोह्यांचं उद्या बघू" म्हणायच्या.

हे सगळं माझ्या सासूबाई पाळायच्या. मला त्याचं कौतुकही आहे. पण सासूबाई किराणा घरपोच देत नव्हत्या. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना गुरुवारची सुट्टी, आयटीवाल्यांना शनिवार-रविवारची. नोकरी करणारी बाई यादी करायला बसते ती सुट्टीच्या दिवशी, नाहीतर संध्याकाळी सात वाजता घरी आल्यावर. आणि नेमका शनिवार बाद, नेमकी दिवेलागण बाद. म्हणजे ज्या वेळी लोकांना हवं त्या वेळी ह्यांचं नाही. पाटीवर मात्र वेळेवर. गल्लीतली तरुण मुलं म्हणायची, "वेळेवर म्हणजे रविवारी सकाळी." ती मुलं मोबाइलवर बोट फिरवायची आणि दहाव्या मिनिटाला हेल्मेट घातलेला कुणी दारात हजर. तेल, मीठ, आइस्क्रीम, मोबाइलचा चार्जर, सगळं एकाच पिशवीत. वार कुठला, तिथी कुठली, त्याला काय त्याचं.

मी एकदा प्रयागताईंना समजावलं. म्हटलं, अहो, तुम्ही नाही दिलं तरी तो देतोच ना तेल शनिवारी? मग घरात यायचं ते येतंच. त्या म्हणाल्या, "त्यो त्याच्या हातानं देतो." पालथ्या घड्यावर किती ओतायचं?

तरी काही घरं लागली होती. आमचं, काकांचं, मागच्या गल्लीतल्या दोन शिक्षिका, आणि वरच्या सेक्टरमधले बर्वे. बर्व्यांचं घर म्हणजे प्रयागताईंचा मान. मोठा बंगला, येणं-जाणं भरपूर, महिन्याची यादी हातभर. शिवाय बर्वेवहिनींनी आपल्या ओळखीच्या चार घरांना सांगितलेलं. ती सगळी रांग त्या एका घरामुळे उभी राहिली होती. आणि ती कशी गेली, ते ऐका.

प्रयागताईंना मोबाइलवर लोकांचे स्टेटस बघायची सवय होती. रोज सकाळी चहा घेता घेता एकेका गिऱ्हाइकाचं स्टेटस उघडायच्या. चांभारचौकशी म्हणून नव्हे. त्यांचं म्हणणं असं की घरात काय चाललंय हे दुकानदाराला कळलं पाहिजे, नाहीतर माल कसा द्यायचा? कुणाचा वाढदिवस दिसला की शेवया आणि बेदाणे बाजूला काढून ठेवायच्या. कुणी डोंगरावरचे फोटो टाकले की समजायच्या, आठवडाभर घर बंद. एकदा मी दवाखान्यातल्या खिडकीचा फोटो टाकला होता, तर संध्याकाळी दारात मुगाची डाळ आणि जुने तांदूळ. खिचडी करा म्हणाल्या. मी नुसती दात दाखवायला गेले होते, पण खिचडी केली.

तर एका सकाळी बर्व्यांच्या स्टेटसवर म्हाताऱ्या माणसाचा फोटो. टक्कल, जाड काड्यांचा चष्मा, खाली समई आणि "भावपूर्ण श्रद्धांजली". बर्व्यांचे वडील त्यांच्याकडेच राहायचे. टक्कल, जाड काड्यांचा चष्मा. प्रयागताईंचा चहा तसाच राहिला.

आदल्या दिवशी वहिनींनी यादी दिली होती: रवा, साखर, साजूक तूप, केशर, बदाम, नारळ, सुपाऱ्या. प्रयागताईंनी भरून ठेवलेल्या पिशव्या पुन्हा रिकाम्या केल्या. सुतकाच्या घरात शिऱ्याचा रवा कसा न्यायचा? त्यांनी आपल्या मनानं दुसरी पिशवी भरली. चहाची पूड, साखर, बेसन, तांदूळ, काडेपेटी, कागदी कपांची चळत. चूल पेटायची नाही, शेजारीपाजारी पिठलं-भात करतील, येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा लागेल. सगळा विचार केलेला. ज्ञानोबांना एकट्याला न पाठवता स्वतः टेम्पोत बसून गेल्या, डोक्यावरून पदर घेऊन. फाटकातून आत गेल्या. अशा घरी हाक मारायची नसते म्हणून दारात पिशवी ठेवून नुसती कडी वाजवली.

दार उघडलं ते प्रत्यक्ष आजोबांनी. सोवळं नेसलेले, कपाळाला गंध. म्हणाले, "आलात का? रवा आणलात ना? गुरुजी येऊन बसलेत."

घरात सत्यनारायण होता. स्टेटसवरचे गृहस्थ म्हणजे बर्व्यांच्या कंपनीतले जुने निवृत्त साहेब, त्यांचं नागपूरला निधन झालेलं. प्रयागताईंना काही सुचेना. त्यांनी खाली वाकून आजोबांच्या पायांना हात लावला. आजोबा म्हणाले, आयुष्मती भव, पण रवा कुठंय? तोवर बर्वेवहिनी बाहेर आल्या, त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं, बेसन आणि कागदी कप पाहिले, आणि प्रयागताईंनी बिचारीनं जे खरं ते सांगून टाकलं. म्हणजे भर पूजेच्या दिवशी, वीस-पंचवीस पाहुण्यांसमोर, की मला वाटलं तुमचे सासरे गेले.

ज्ञानोबा टेम्पो दामटत रवा आणायला परत आले. पण ते पोचायच्या आत वहिनींच्या सुनेनं मोबाइलवरून मागवलेला रवा येऊन, भाजून, त्यात केळंसुद्धा पडलेलं होतं.

ह्या गोष्टीवर आम्ही सगळे हसलो. मीही पोट धरून हसले, खोटं कशाला बोलू. बर्वे आजोबा तर पुढे कित्येक दिवस फिरायला निघाले की गॅरेजपाशी थांबायचे आणि म्हणायचे, "बेसन तयार आहे ना?" ते खूश होते. म्हणायचे, माझ्यामागे घरात काय काय येणार ते मी डोळ्यांनी पाहिलं, असं भाग्य कुणाला मिळतं? पण यादी आजोबा करत नव्हते. वहिनींनी पुढच्या महिन्यात यादी पाठवली नाही. त्यांच्या ओळखीच्या चार घरांनीही नाही. गल्लीच्या ग्रुपवर हा किस्सा फिरला, त्याखाली हसून हसून रडणारे पिवळे चेहरे, आणि लोक असे असतात की ज्याला हसतात त्याच्याकडून डाळ घेत नाहीत.

प्रयागताई त्यानंतर काही दिवस गॅरेजसमोरच्या ओट्यावर बसायच्या बंद झाल्या. मग एकदा मला म्हणाल्या, "जित्या माणसाला मारलं मी, ताई. पण खोटं सांगत नाई, आधी मला रडू आलं होतं म्हाताऱ्यासाठी. त्ये खरं होतं."

पावसाळा ओसरला तसा ज्ञानोबांचा खोकला वाढला आणि टेम्पो जास्त वेळ उभाच दिसू लागला. प्रयागताई दुपारी पत्रकं घेऊन नव्या सोसायट्यांकडे जाऊ लागल्या. दिघीपर्यंत जायच्या. तिथले ते बारा-चौदा मजली टॉवर, फाटकावर रखवालदार. रखवालदार विचारायचा, कुठल्या फ्लॅटला? ह्यांचा फ्लॅट कुठलाच नाही, सगळ्याच फ्लॅटना भेटायचंय. मग आत सोडायचा नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर हेल्मेटवाली पोरं दर दोन मिनिटाला आत जायची, बाहेर यायची. प्रयागताई फाटकाच्या बाहेर कठड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या हातात पत्रक द्यायच्या. बायका पत्रक घ्यायच्या, हसायच्या, आत जायच्या. संध्याकाळी परत आल्या की स्लिपरचा आवाज फटक फटक न येता घासत यायचा.

तिथेच त्यांना पल्लवी भेटली. त्या सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपची पुढारी, तिशी-पस्तिशीची, उत्साही मुलगी. तिला निवडलेल्या धान्याची कल्पना आवडली. तिनं आपल्या ग्रुपमध्ये सांगितलं आणि तीसएक घरं तयार झाली. महिनाभर घेऊन बघू, आवडलं तर कायमचं लावू. प्रयागताई धावत माझ्याकडे आल्या ते मला आठवतंय. धापा टाकत होत्या आणि हसत होत्या. म्हणाल्या, "मालकाला सांगितलं, आता निवांत खोका."

पण एक अट होती. माल शनिवारी संध्याकाळी यायला हवा, कारण तेव्हाच सगळ्या घरी.

प्रयागताईंनी फोनवर विनवलं, की बाकी सगळं शनिवारी आणते, तेल आणि मीठ तेवढं शुक्रवारी देऊन जाते. पल्लवी गोड आवाजात म्हणाली, "मावशी, दोन दोन वेळा बेल नको ना. एकदाच काय ते. एवढं काय त्यात?" तिच्या दृष्टीनं खरंच काही नव्हतं त्यात.

शुक्रवारी संध्याकाळी प्रयागताई माझ्या स्वयंपाकघरात येऊन खाली बसल्या. मी मेथी निवडत होते. त्यांनीही जुडी ओढून घेतली. पानं खुडू लागल्या. मग विचारलं, "ताई, तुमी शिकलेल्या. खरं सांगा. शनिवारी तेल दिलं तर काय होतं?"

"काही होत नाही."

"काहीच नाई?"

"काहीच नाही हो. माझ्याकडे किती वेळा आलं असेल."

समोरच्या गॅरेजमधून ज्ञानोबांचा खोकला ऐकू आला. सुरू झाला तो थांबेचना. आम्ही दोघी तो थांबायची वाट बघत बसलो. थांबल्यावर त्या म्हणाल्या, "सासू म्हणायची, आपण कुणाच्या घरात शनी पोचवायचा नसतो. भुकं मरू पण हे करू नये. पण तिचा ल्योक काय भट्टीत गेला नव्हता तवा." त्यांनी निवडलेली मेथी माझ्यापुढे ठेवली आणि उठल्या.

शनिवारी दुपारी मी खिडकीतून पाहिलं. टेम्पो भरला होता. सगळ्यात वर तेल, मीठ. प्रयागताईंनी नवी साडी नेसली होती. जाताना त्या आधी चौकातल्या मारुतीकडे गेल्या. नंतर मला सांगितलं, की एक अख्खी पिशवी मारुतीला ओतली आणि म्हटलं, बाबा, आजचं तेल पहिलं तू घे, मग मी लोकांना देते. जे काय यायचं ते तुझ्या आणि माझ्यात मिटू दे, त्या लेकरांच्या घराला लावू नको. मग दिघीला जाऊन तीस दारांत, दिवे लागल्यावर, तेल आणि मीठ दिलं. रखवालदारानं त्या दिवशी फाटक उघडलं होतं. प्रत्येक दारात त्या आत कुणाला कळणार नाही असं काहीतरी पुटपुटत होत्या म्हणे. एका बाईनं विचारलं, मावशी, काही म्हणालात का? तर म्हणाल्या, वस्तू मोजून घ्या म्हणलं.

परत आल्यावर अंघोळ केली आणि जेवल्या नाहीत. ज्ञानोबांनी मला हे सांगितलं. ते म्हणाले, "माझ्यासाठी तिनं देवाशी भांडण काढलं, मॅडम." ज्ञानोबा कमी बोलायचे, खोकल्यामुळे वाक्य तोडून बोलायचे, पण हे त्यांनी एका दमात सांगितलं.

माल उत्तम गेला होता. ग्रुपवर कौतुक झालं. तांदूळ किती स्वच्छ, डाळ कशी पटकन शिजली, कुणी पिशवीतल्या चिमूटभर साखरेचा फोटो टाकला, त्याखाली लाल बदामांच्या खुणा आल्या. प्रयागताईंनी ते सगळं मला दाखवलं. महिना सरत आला तशा त्या पुढच्या महिन्याच्या याद्यांची वाट बघू लागल्या. गॅरेजमध्ये पोती आणून ठेवली. आठवडा गेला. दोन याद्या आल्या, त्यातली एक पल्लवीची. बाकी कुणाची नाही.

पल्लवीला फोन केला तेव्हा मी गॅरेजमध्येच होते. प्रयागताईंनी फोन फळीवर ठेवला होता, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. पल्लवी म्हणाली, "नाही नाही मावशी, तक्रार काहीच नाही. माल एक नंबर होता, सगळ्या म्हणतात."

"मग कुणाच्या याद्या का नाई आल्या?"

"तसं काही नाही हो. ज्याचं त्याचं असतं ना. कुणी मोठ्या मॉलमधून आणतं, कुणी मोबाइलवर. मी सगळ्यांना परत आठवण करते हं."

"काही चुकलं का माझं?"

"अजिबात नाही. तुम्ही फार गोड आहात."

फोन बंद झाला. मला राग आला होता. पल्लवीचा नाही, ती तरी काय करणार. नुसता राग, कुणावर काढावा कळत नाही असा. प्रयागताई मात्र रागावल्या नव्हत्या. पोत्यावर बसून हातातलं कापड घडी करत होत्या, उलगडत होत्या. म्हणाल्या, "सत्यनारायणाच्या दिवशी माझी चूक होती. घरं गेली, कळलं का गेली ते. आता ह्यांना खोट सांगता येईना. खडा निघाला असता तर मी डाळ पुन्हा निवडली असती. भाव जास्त असता तर कमी केला असता. शनिवार पायजे होता, शनिवारबी दिला. चांगलंय म्हणतेत, गोड हाय म्हणतेत, अन् घेत नाईत. ह्याला काय करावं, ताई?"

मी दोन किलो शेंगदाणे मागितले, जे मला नको होते. त्यांनी ते ओळखलं आणि एकच किलो दिले.

त्यानंतर धंदा हळूहळू आटत गेला. एका घरानं दुकान चालत नाही आणि पाच घरांनीही नाही. ज्ञानोबा एक दिवस कुणाला न सांगता भोसरीला जाऊन जुन्या ठेकेदाराला भेटून आले. तो म्हणाला, सोमवारपासून या. प्रयागताईंना कळलं ते असं की ज्ञानोबांनी माळ्यावरून कंपनीचे जुने बूट काढून ओल्या फडक्यानं पुसून दारात वाळत ठेवले होते. ते पुढे लोखंडी टोक असलेले जड बूट. प्रयागताई बाहेरून आल्या, बूट पाहिले. भांडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. दुपारी भंगारवाल्याची हाक आली तेव्हा बूट उचलून त्याच्या गाडीवर नेऊन टाकले. भंगारवाला वजन करायला लागला तर म्हणाल्या, काही देऊ नको, फक्त आत्ता इथून घेऊन जा, आणि लांब घेऊन जा.

ज्ञानोबा झोपेतून उठून दारात आले, तोवर गाडी गल्लीच्या टोकाला. ते म्हणाले, "अगं, मग करायचं काय?" त्या म्हणाल्या, "तुम्ही श्वास घ्या. तेवढं काम करा. बाकीचं मी बघते."

महिन्याभरात गॅरेज रिकामं झालं. टेम्पो कुणीतरी घेऊन गेलं. जायच्या आदल्या दिवशी प्रयागताई गल्लीतल्या घरांत जाऊन भेटून आल्या, बर्व्यांकडेसुद्धा. आजोबांना म्हणाल्या, शंभर वर्षं जगा. मला विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही की आमची मुलगी आता सगळं मोबाइलवरूनच मागवते. ते त्यांना माहीतच होतं. "महाळुंगेला खोली मिळालीय, तिकडं काम बघते," एवढंच म्हणाल्या. गॅरेजमध्ये आता काकांच्या भाच्याची गाडी उभी असते. सकाळी गल्लीत शांत वाटतं. मला ती शांतता आवडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी महाळुंगेला एका कंपनीत गेले होते. आमच्या कंपनीला सुटे भाग पुरवणारी कंपनी, त्यांच्या स्टोअरची तपासणी होती. दुपारी त्यांचा माणूस म्हणाला, चला मॅडम, जेवून घेऊ. कँटीन म्हणजे पत्र्याचं मोठं छप्पर, वर पंखे, गरम हवाच फिरवणारे. पहिल्या पाळीच्या जेवणाची घंटा नुकतीच झालेली. निळ्या कपड्यांतली पोरं ताटं घेऊन रांगेत उभी. बीडची, लातूरची, नांदेडची, कुणी उत्तरेकडची. रांग दाराबाहेर गेलेली. मी त्यात उभी राहिले.

भाताच्या पातेल्यामागे डोक्याला जाळीची टोपी, हातांत मोजे, निळा एप्रन घातलेली ठेंगणी बाई उभी होती. खाली बघून भराभर वाढत होती. ताट आलं की भात, त्यावर वरण, ताट पुढे. माझं ताट आलं तेव्हा त्यावर पुरुषाचा हात नाही हे पाहून तिनं मान वर केली.

"ताई? तुमी इथं?"

मी विचारलं, ज्ञानोबा कसे आहेत? प्रयागताई म्हणाल्या, "बरे हायेत. खोकला लई कमी झालाय. सकाळी मला गेटपतूर सोडायला येतेत, चालत. घरी स्वयंपाक तेच करतेत, मीच करू देते." बोलता बोलता माझ्या ताटात भात वाढत होत्या, नको म्हटलं तरी. चेहरा वाळला होता. जाळीच्या टोपीखाली कुंकू तेवढं तसंच.

मागची पोरं चुळबुळ करायला लागली. "मावशी, आटपा ना, वीस मिनिटाचीच सुट्टी हाय," कुणीतरी म्हणालं.

"देते रे, देते." प्रयागताईंनी रांगेकडे पाहिलं, दारापर्यंत, दाराबाहेरपर्यंत. मग माझ्याकडे वळून अगदी हळू, तक्रारीच्या नव्हे, नुसत्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "बघा की, ताई. बोलवावं लागत नाई, काही नाई. रोजच्या रोज येतेत, तिन्ही पाळ्यांना. ह्यातल्या थोड्यांची घरं जरी आपल्या दुकानाला लागली असती तवा…"

पुढचं ताट आलं होतं. त्यांनी त्यात भात वाढला, त्यावर वरण घातलं, आणि ताट पुढे सरकवलं. मागच्या मुलानं मला म्हटलं, मॅडम, जरा पुढं व्हा, आणि मी पुढे झाले.